रिचमंडची पेज

व्हँकुव्हरला जाऊन आलेली मंडळी फोटो दाखवतात ते समुद्राचे, डोंगरांचे, नाहीतर त्या झुलत्या पुलाचे. आमच्या फोटोंमध्ये नुसती वाफ आहे. एक वाडगा, त्यातून निघणारी वाफ आणि वाफेमागे चष्म्यावर धुकं घेऊन बसलेले आमचे हे. आम्ही राहतो त्या रेजिनातल्या मैत्रिणींनी फोटो पाहून विचारलंच, "अगं, व्हँकुव्हर पाहिलंस तरी का?" पाहिलं थोडंफार. पण खरं सांगायचं तर आम्ही राहिलो लेकीकडे सरेला आणि दिवस काढले जवळच्या रिचमंडला, खात. ज्यांना कधी तिकडे जायचा योग येईल त्यांच्यासाठी, आणि ज्यांना येणार नाही त्यांच्यासाठी जरा जास्तच, हे लिहिते आहे.

आधी जावं का लागलं ते सांगते. त्या उन्हाळ्यात ह्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन छान झालं, रिपोर्ट स्वच्छ आले, सर्जनने हात मिळवला. फक्त भूक काही परत आली नाही. आमचे हे हाडाचे नागपूरकर. कॅनडात येऊन पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर म्हणून जन्म काढला, निवृत्त झाले, पण जिभेने नागपूर सोडलं नाही. मी काहीही रांधलं तरी "जरा अजून तिखट चाललं असतं" हे वाक्य आल्याशिवाय आमचं जेवण पुरं होत नसे. तोच माणूस आता दोन घास खाऊन ताट पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "छान झालंय. पुरे." ह्यांनी माझ्या स्वयंपाकाला छान म्हटलं की मी ओळखायचे, आजही जेवण झालेलं नाही.

मी गुहागरची. आमच्याकडे सकाळी उठलं की पेज. तांदूळ रटरट शिजवायचे, वर तूप, मीठ, मेतकूट, बाजूला लोणच्याची फोड. लग्नानंतर इथे येऊन पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या हौसेने पेज केली, तर ह्यांनी वाडग्यात डोकावून विचारलं, "घरात कोण आजारी आहे?" त्या दिवसापासून पेज आमच्या घरातून हद्दपार झाली. ऑपरेशननंतर मला वाटलं, आता तरी तिचे दिवस आले. मऊ भात केला, मीठ-तूप घातलं, समोर ठेवला. हे म्हणाले, "हॉस्पिटल संपलं ना? मग हे पेशंटचं जेवण कशाला?"

तिखट सोसत नव्हतं, मऊ चालत नव्हतं. शर्टाच्या कॉलरमध्ये मान सैल हलायला लागली. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की नोव्हेंबरात पुन्हा वजन बघू, आणखी उतरलेलं असेल तर ॲडमिट करून नळीवाटे अन्न द्यावं लागेल. हे ऐकून ह्यांनी फक्त खिडकीबाहेर पाहिलं. मी मात्र त्या रात्री केतकीला, आमच्या लेकीला, फोन केला आणि रडले.

"आई, जस्ट ब्रिंग हिम हिअर," ती म्हणाली. "रिचमंडमध्ये इतकं फूड आहे. समथिंग विल वर्क."

नदीपलीकडे

केतकी फिजिओथेरपिस्ट आहे. राहते सरेला, काम करते रिचमंडला. ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला जोडून तिने रजा घेतली होती. पहिल्याच दिवशी तिने आम्हाला स्कायट्रेनमध्ये बसवलं. ह्या गाडीला ड्रायव्हरच नसतो. हे अगदी पुढच्या काचेशी जाऊन बसले आणि एखादं पोरगं बसावं तसे रूळ बघत राहिले. मला बरं वाटलं. भूक नसली तरी कुतूहल शिल्लक होतं.

सरेत दुकानांच्या पाट्या पंजाबीत. केतकीच्या घराजवळ मेथी, कढीपत्ता, गव्हाचं पीठ, सगळं कोपऱ्यावर मिळतं. रेजिनात पहिली काही वर्षं मी कोथिंबिरीच्या काडीसाठी तरसले होते, त्यामुळे मला तर ते गावच माहेर वाटलं. पण गाडी बदलून, नदी ओलांडून रिचमंडला उतरलो आणि पाट्या एकदम चिनी झाल्या. बँक चिनी, दाताचा डॉक्टर चिनी, गाडी शिकवणाऱ्याची पाटी चिनी. इंग्रजी कुठेतरी खाली, बारीक अक्षरात, पाहुण्यासारखं अंग चोरून उभं.

"इथले बरेच लोक हाँगकाँगचे," केतकीने सांगितलं. "कँटनीज. दे आर व्हेरी सीरियस अबाउट फूड, बाबा. तुझ्यासारखेच."

"मी होतो," हे म्हणाले. 

पंगत

केतकीने नेलं ते एका मॉलच्या वरच्या मजल्यावरच्या भल्यामोठ्या हॉलमध्ये. आत शिरले आणि मला आमच्या गावच्या लग्नाची आठवण झाली. तोच गलका, तेच भांड्यांचे आवाज, तीच "इकडे या, इकडे वाढा" अशी हाकाटी. बायका ढकलगाड्या घेऊन टेबलांमधून फिरत होत्या आणि गाडीवर वेताच्या लहान लहान डब्यांच्या उतरंडी. डबा उघडला की वाफ. पसंत पडलं तर बोट दाखवायचं, डबा आपल्या टेबलावर. ह्या प्रकाराला डिम सम म्हणतात. सकाळच्या चहाबरोबर चार घास, एवढाच बेत. पण लोक दुपार टळेपर्यंत उठत नाहीत.

गर्दी इतकी की आम्हाला स्वतंत्र टेबल मिळेना. एका मोठ्या गोल टेबलाशी आमच्याच वयाचं एक जोडपं बसलं होतं. हॉटेलच्या यजमानीणबाईने सरळ त्यांच्याशेजारी आमच्या खुर्च्या लावल्या. रेजिनात कुणाच्या टेबलाशी असं जाऊन बसलं तर माणसं पोलिसांना बोलावतील. इथे त्या जोडप्यातल्या बाईंनी हसून आपली पर्स उचलली आणि जागा करून दिली. पंगतीत अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून जेवलेल्यांना ह्यात काही नवल नाही, मी आपली लगेच ऐसपैस बसले.

ते होते मिस्टर आणि मिसेस चान. चानबाई हाँगकाँगला शाळेत इंग्रजी शिकवायच्या, त्यामुळे बोलायला अडचण नव्हती. चानसाहेब मात्र मौनी. तोंड उघडायचं ते फक्त घास घालायला.

आणि तिथेच माझं डोकं फिरलं. चानबाईंनी नवऱ्याच्या कपात चहा ओतला, तर साहेबांनी वर न बघता दोन बोटांनी टेबलावर टकटक केलं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा ओतला, पुन्हा टकटक. मला वाटलं, काय हा माणूस! जन्माची बायको चहा देते आहे आणि हा हॉटेलातल्या पोऱ्याला करावी तशी टकटक करतो, लवकर आटप म्हणून. आमचे हे तोंडाने कधी गोड बोलत नाहीत, पण टेबल तरी वाजवत नाहीत. मी चानसाहेबांकडे डोळे वटारून पाहिलं. त्यांचं लक्ष कोंबडीच्या पायांत होतं. हो, पायच, नखांसकट. माझ्या अंगावर शहारा आला आणि मी डोळे परत घेतले.

तेवढ्यात आमचे डबे आले. मी मासे-कोळंबी खाते, बाकी मटण-पोर्क नाही. पहिल्या डब्यात होते कोळंबीचे मोदक. त्यांचं नाव हार गाव, पण मी त्यांना मोदकच म्हणणार. पारी इतकी पातळ की आतली गुलाबी कोळंबी बाहेरून दिसावी, आणि कळ्या एकसारख्या, एकही तुटलेली नाही. आमच्या आईने ही पारी पाहिली असती तर आत कोळंबी असल्याचं तिने माफ केलं असतं. मुळ्याच्या वड्या आल्या. मुळा किसून तांदळाच्या पिठात उकडायचा, वड्या कापायच्या आणि तव्यावर परतायच्या. म्हणजे आमची कोथिंबीर वडीच की! मी त्या चिनी जेवणाच्या काड्या पुढे केल्या, तर चानबाईंनी माझा हात अलगद अडवला.

"तुम्ही पोर्क खात नाही म्हणालात ना? ह्यात बारीक तुकडे असतात."

मी हात मागे घेतला आणि वडी ह्यांच्या ताटलीत गेली. ह्यांना सगळं चालतं. एकट्याने परदेशी आलेल्या त्या पिढीतल्या मुलांना चालवून घ्यावंच लागलं. ह्यांनी एक वडी खाल्ली. एक मोदक खाल्ला. मी श्वास रोखून बघत होते. मग ताटली पुढे सरकली.

"छान आहे. पुरे."

केतकी माझ्याकडे पाहीना, मी तिच्याकडे पाहीना. काहीतरी करायचं म्हणून मी काड्यांनी दुसरा मोदक उचलायला गेले. तो निसटला, टुणकन उडाला आणि थेट चानसाहेबांच्या ताटलीत जाऊन पडला. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. चानसाहेबांनी मोदकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे दोन बोटांनी टेबलावर टकटक केलं.

आता मात्र माझा पारा चढला. बायकोला करतो ते करतो, मलाही? मी काही बोलणार, तोच चानबाई हसत सुटल्या.

"ते तुमचे आभार मानताहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाढलंत ना!"

मग त्यांनी उलगडून सांगितलं. कुणी आपल्या कपात चहा ओतला की दोन बोटं टेबलावर टेकवायची. म्हणजे नमस्कार. म्हणे कुठलासा बादशहा वेष पालटून हिंडत होता, आणि त्याने स्वतः नोकराला चहा ओतून दिला. नोकराने लोटांगण घातलं असतं तर बिंग फुटलं असतं, म्हणून त्याने बोटांनीच लोटांगण घातलं. गोष्ट खरी असो-नसो, सोय मोठी आहे. बोलणं थांबवावं लागत नाही, घास गिळावा लागत नाही, आभार पोचतात. चहा संपला की किटलीचं झाकण तिरकं ठेवायचं, हेही त्यांनीच शिकवलं. तिरकं झाकण दिसलं की कुणीतरी येऊन गरम पाणी भरून जातं, हाक मारावी लागत नाही.

"एफिशिअंट पद्धत आहे," आमचे इंजिनिअर म्हणाले.

"तुमच्यात नवरा बायकोचे आभार कसे मानतो?" चानबाईंनी मला विचारलं.

मी आणि केतकी एकमेकींकडे पाहून जे हसायला लागलो ते थांबेना. आमच्यात नवऱ्याने बायकोला थँक यू म्हटलं तर ती आधी त्याचं कपाळ चाचपते, ताप तर नाही ना बघायला. आणि आमच्या ह्यांची तऱ्हा तर आणखी वेगळी. रेजिनात मराठी घरं थोडी, पण मंडळ आहे, आणि मंडळाचं आभारप्रदर्शन पिढीजात ह्यांच्याकडे. गणपती असो, दिवाळी असो, हे माइकसमोर उभे राहतात. हॉलची चावी देणारा, खुर्च्या लावणारा, माइक जोडणारा, सगळ्यांचे नावं घेऊन आभार. मसालेभात करून करून माझे हात भरून आलेले असतात, आणि मग ते शेवटचं वाक्य येतं: "आमच्या सौभाग्यवतींचे आभार मानून त्यांना परकं करण्यापेक्षा मी त्यांच्या ऋणातच राहणं पसंत करीन." टाळ्या. दर वर्षी तेच वाक्य आणि दर वर्षी टाळ्या.

मी हे सगळं इंग्रजीत भाषांतर करून सांगितलं. चानबाईंच्या हातातला चहा सांडला. त्यांनी नवऱ्याला त्यांच्या भाषेत समजावलं. चानसाहेबांनी बराच विचार केला आणि एकच वाक्य बोलले.

"ते म्हणतात, फार लांबलचक आहे," चानबाईंनी सांगितलं.

हे कानकोंडे होऊन हसले. मग चानबाईंनी ह्यांच्या जवळजवळ भरलेल्या ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माझे मिस्टरही असेच होते. ऑपरेशननंतर. उद्या सकाळी आमच्या जूकवाल्याकडे या. आम्ही रोज तिथेच असतो."

जूक म्हणजे काय, ते मी विचारायचं राहूनच गेलं.

अननसाशिवाय अननस

दुपारी समुद्राच्या बांधावर फिरून आलो. बोटी होत्या, त्यावर मासे विकायला होते, वारा होता. गुहागरचा वारा अंगाला चिकटतो, हा नुसता झोंबतो. हे लवकर दमले म्हणून केतकीने आम्हाला एका मॉलच्या फूड कोर्टात नेऊन बसवलं आणि स्वतः एकेका टपरीवरून काहीबाही आणत राहिली.

तिने आणला अननसाचा पाव. ह्यांनी तो फोडला, आत पाहिलं, उलटा करून पाहिलं. "अननस कुठे आहे?"

"बाबा, अननस नसतो. वरची क्रस्ट तशी दिसते, दॅट्स ऑल."

"मग नाव कशाला ठेवायचं?" ह्यांचा जन्म नकाशे आणि मोजमापात गेलेला. ह्या अन्यायावर ते बराच वेळ बोलले, आणि बोलता बोलता अर्धा पाव संपला. मी केतकीच्या पायावर पाय दिला. गप्प बस, पुन्हा काही आणू नकोस, जे चाललंय ते चालू दे.

मग करीतले मासळीचे गोळे. करी पाहून हे जरा सरसावले, एक गोळा तोंडात टाकला आणि चेहरा असा केला की जणू कुणीतरी नागपूरचा जाहीर अपमान केला आहे. मला ते गोळे आवडले. हाँगकाँगी चहाही आवडला. काळाकुट्ट, कडक, डब्यातलं घट्ट दूध घातलेला. आपल्या टपरीवरच्या चहाचा हा सख्खा मावसभाऊ. आंब्याच्या रसात साबुदाणा आला तेव्हा मी पाहतच राहिले. आपण उपासाला ज्याची खिचडी करतो ते हे लोक गारेगार करून चमच्याने पितात.

पण माझा जीव अडकला तो एका लहानशा वाटीत. गरम दूध आल्याच्या रसावर ओततात आणि ते आपोआप थिजतं, पांढरंशुभ्र, थरथरणारं. चमचा घातला आणि मी केतकीला म्हटलं, "हा तर खरवस!" चीक नाही, गाय व्यायलेली नाही आणि खरवस. आलं घशात हलकेच चुरचुरतं तेवढाच फरक. मी वाटी ह्यांच्याकडे सरकवली. ह्यांनी तीन-चार चमचे खाल्ले आणि वाटी परत केली. घरी जाताना गाडीत ते काचेशी बसले नाहीत. मधल्या बाकावर डोळे मिटून बसून राहिले, आणि मला डॉक्टरांचं नोव्हेंबरचं बोलणं पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

पेज

सकाळी ह्यांचं यायचं मन नव्हतं. "तुम्ही दोघी जा," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, चानबाई वाट बघतील. बरं नाही दिसत." दुसऱ्याला तिष्ठत ठेवणं ह्यांना जमत नाही, हे मला ठाऊक आहे. उठले.

जूकवाल्याचं दुकान म्हणजे एका रांगेतला लहानसा गाळा. काचा वाफेने आंधळ्या झालेल्या. दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. तो वास मी जन्मात चुकणार नाही. तांदूळ शिजून शिजून फुटतात तेव्हा येतो तो वास. आमच्या गुहागरच्या घरात सकाळी डोळे उघडण्याआधी यायचा तो.

आत प्रत्येक टेबलावर पेज होती. मोठमोठे वाडगे, पांढरी दाट पेज, वर आल्याचे तंतू आणि कांद्याची पात. कोपऱ्यात चार दणकट तरुण बसले होते, नारिंगी जाकिटं, चिखलाने माखलेले बूट, कुठल्यातरी इमारतीच्या कामावर निघालेले. त्यांच्यासमोर वाडगे कसले, घमेलीच. ऑफिसला जाणाऱ्या दोन पोरी उंच टाचांच्या चपला घालून पेज भुरकत होत्या. एक आजीबाई नातवाला भरवत होत्या आणि मधेमधे त्याच्या वाट्याचं स्वतःच खात होत्या.

हे सगळीकडे पाहत राहिले. मग हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "हे सगळे आजारी आहेत का?"

"त्या नारिंगी जाकिटवाल्याला विचारा," मी म्हटलं.

चान जोडप्याने जागा धरून ठेवली होती. चानबाईंनी आमच्यासाठीही मागवून ठेवलं होतं, माशाच्या पातळ कापांची पेज. कच्चे काप वाडग्याच्या तळाशी ठेवतात आणि वरून उकळती पेज ओततात, तेवढ्यावर ते शिजतात. सोबत हातभर लांब तळलेला पाव, पोकळ आणि कुरकुरीत. चानसाहेबांनी पावाचा एक तुकडा मोडला, आपल्या पेजेत बुडवला, खाल्ला. दुसरा तुकडा मोडून ह्यांच्यासमोर ठेवला. आपण खारी चहात बुडवतो तसं हे होतं. ह्यांनी बुडवला आणि खाल्ला. मग चमचा हातात घेतला.

आता माझी चूक सांगते. ऑपरेशन झाल्यापासून माझ्या पर्समध्ये मेतकुटाची एक डबी असते, न जाणो कुठे घशाखाली घास उतरला तर. ती मी टेबलाखाली उघडली आणि हे वाकलेले असताना चिमूटभर त्यांच्या वाडग्यात टाकलं. दुकानाच्या मालकीणबाई गल्ल्यावरून सगळं बघत होत्या. त्या तरातरा आल्या.

"मेडिसिन?" त्यांनी कमरेवर हात ठेवून विचारलं. "नो मेडिसिन इन माय जूक!"

सगळं दुकान आमच्याकडे वळलं. केतकी "आई! ओ माय गॉड!" म्हणून कपाळाला हात लावून बसली. मी गडबडून डबीच पुढे केली. मालकीणबाईंनी करंगळीचं टोक बुडवलं, चाटलं, डोळे बारीक करून विचार केला.

"गुड," त्या म्हणाल्या. "बट नीड मोअर पेपर." आणि टेबलावरची पांढऱ्या मिऱ्याची बाटली उचलून त्यांनी ह्यांच्या वाडग्यात सढळ हाताने मिरपूड टाकली.

हे मोठ्याने हसले. उन्हाळ्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता. "बघ! मी चाळीस वर्षं हेच सांगतोय," ते म्हणाले. परक्या मुलखात आपल्या पक्षाचं माणूस भेटल्याचा आनंद होता तो.

आणि ते खायला लागले. बोलता बोलता नाही, माझ्या भिडेखातर नाही, वाडग्यात मान घालून. चष्म्यावर वाफ साठली, ती पुसली नाही. पावाचा शेवटचा तुकडा वाडग्याच्या कडेने फिरवून पुसून खाल्ला. ताटली सरकली नाही, "छान आहे" हे शब्द आले नाहीत. वाडगा रिकामा झाला तेव्हा मला रडू आलं. वाफेने डोळे चुरचुरले, असं मी केतकीला सांगितलं. तिचेही चुरचुरत होते.

त्यानंतर रोज सकाळी आम्ही तिथेच. केतकीने पाहण्यासारख्या जागांची यादी तयार केली होती, बाग, म्युझियम, तो झुलता पूल. हे म्हणायचे, "जाऊ की, पण आधी रिचमंड करून." लवकर निघण्याची घाई आता त्यांचीच. मालकीणबाई ह्यांना पाहिलं की मिऱ्याची बाटली आधी आणून ठेवायच्या. आम्ही दोघी बायका बोलत असू, मुलं, गुडघे, तांदळाच्या जाती. हे आणि चानसाहेब शेजारी शेजारी बसून न बोलता खात. दोघांची चांगली मैत्री जमली. कधी चानबाई चहा ओतायच्या, कधी मी. चानसाहेबांची टकटक प्रत्येक वेळी व्हायची. आमचे हे नुसते कप पुढे करायचे.

निघायच्या आदल्या दिवशी चानबाईंनी मला जूक कसं करायचं ते समजावलं. तांदूळ मीठ-तेल लावून ठेवायचे, पाणी भरपूर, विस्तव मोठा, घोटत राहायचं. मी शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान डोलावत ऐकलं. मेतकुटाची डबी त्यांना दिली, त्यांनी मला मोहरीच्या पाल्याच्या लोणच्याची बाटली दिली. चानसाहेबांनी ह्यांच्याशी हात मिळवला आणि जन्मात पहिल्यांदाच इंग्रजीत बोलले असतील तसं म्हणाले, "ईट."

रेजिना

परत आलो तर रेजिनात पहिला बर्फ पडून गेला होता आणि शेजाऱ्याने आमचाही ड्राइव्हवे फावड्याने शोव्हल करून ठेवला होता. डॉक्टरांकडे गेलो. हे काट्यावर उभे राहिले, मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. नर्स म्हणाली, वाढलंय. फार नाही, पण वाढलंय. डॉक्टरांनी विचारलं, काय खाता? हे ऐटीत म्हणाले, "जूक." पेज म्हणायला अजून जीभ वळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांदूळ चढवले. बाहेर सगळं पांढरं, खिडकीच्या काचेवर आतून वाफ. लग्नानंतरच्या त्या पहिल्या आठवड्यानंतर ह्या घरात पेजेचा वास पहिल्यांदाच असा उजळ माथ्याने फिरत होता. हे टेबलाशी पेपरातलं सुडोकू घेऊन बसले होते. मी वाडगा समोर ठेवला, तूप घातलं, मेतकूट घातलं, मिऱ्याची बाटली शेजारी ठेवली. ह्यांनी मान वर केली नाही, पेन्सिल खाली ठेवली नाही. डाव्या हाताची दोन बोटं मात्र टेबलावर वाजली. टकटक.

मी पळी हातात धरून तशीच उभी राहिले. वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"काय हो," मी म्हटलं, "आता ऋणात राहायचं नाही वाटतं?"

"कसलं ऋण?" हे सुडोकूतच. "टेबलावर मुंगी होती."

नोव्हेंबर महिना, रेजिना, दाराबाहेर गुडघाभर बर्फ, आणि मुंगी! मी आणखी एक पळी वाढली आणि कान देऊन थांबले.

ती मुंगी आता आमच्याकडे रोज सकाळी येते.